सरकारची बाजू

शनिवारी सकाळी ओडेसा प्रुइट आईच्या घरून निघाली ती चांगल्या मनाने निघाली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर जे घडलं त्यावरून बरेच जण म्हणायला लागले की ती भांडायचं ठरवूनच आली होती. साफ खोटं आहे ते. एकुलतं एक काळं जाकीट इस्त्री करून, केस घट्ट बांधून, आईने दिलेली कॉर्नब्रेड डब्यात घेऊन ती आली होती. भांडायला निघालेलं माणूस मैत्रिणींसाठी डबा घेऊन येत नाही.

एल्डरटनच्या लॉ कॉलेजात दर फेब्रुवारीत हा मेळावा भरतो. ओहायोतल्या आणखी काही कॉलेजांची मुलं येतात. विषय ठरलेला, नागरी हक्क आणि राज्यघटनेपुढचे सध्याचे प्रश्न. यंदाही सकाळपासून चर्चा झडल्या. मतदार यादीतून नावं कशी उडतात, मोर्चाला परवानगी नाकारली तर काय करायचं, शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं कुलपात कोण घालतंय. व्यासपीठावरचा प्रत्येक जण हळहळला. हळहळायला कुणाच्या बापाचं काय जातं? खालच्यांनी माना डोलावल्या आणि कॉफीला बाहेर आल्यावर कुणाला कुठे नोकरी लागतेय याच्या गप्पा हाणल्या. ओडेसाही त्याच गप्पा मारत होती. ती शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्या डोक्यात दुपारचा सामना होता.

सामना म्हणजे अभिरूप खटला. मेळाव्याचा खरा मान त्याचाच. दोन कॉलेजांचे दोन वक्ते, समोर पाहुणा न्यायाधीश, खाली भरलेलं सभागृह. पण एल्डरटनची एक रीत आहे, ती दुसरीकडे कुठे नाही. इथे न्यायाधीशाला कागद देत नाहीत. खटल्याची गोष्ट काय आहे हे त्याला ठाऊकच नसतं. जो पहिला बोलायला उभा राहतो त्याने सगळी हकीकत तोंडी सांगायची आणि मग वादाला लागायचं. ही रीत बर्डसॉल नावाच्या जुन्या प्राध्यापकाने घालून दिली. त्याचं म्हणणं होतं की गरिबाच्या खटल्याचे कागद कोणी धड वाचत नाही, निदान कानांनी तरी ऐका. बर्डसॉल जाऊन जमाना झाला, रीत मात्र राहिली. वक्त्यांनासुद्धा कागद जेवणाच्या सुट्टीतच मिळतो, आणि कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते नाणं उडवून ठरतं.

नाणं उडवलं प्रोफेसर हेन्लींनी. मेळावा त्यांचाच, घटना शिकवणारेही तेच. क्लीव्हलंडकडून आलेल्या कॉलिन रेडफर्न नावाच्या लांबोडक्या पोराने छापा मागितला, छापाच पडला, आणि त्याने आनंदाने आरोपीची बाजू घेतली. अशा मेळाव्यात सरकारची बाजू कोणाला हवी असते? सभागृह आधीच आरोपीच्या बाजूने बसलेलं असतं. ओडेसाच्या गळ्यात सरकार पडलं. खालच्या कोर्टात सरकार हरलंय आणि आता दाद मागतंय, अशी कल्पना होती. म्हणजे आधी बोलायचं होतं तिलाच.

ती हसत हसत सँडविच घेऊन खिडकीशी बसली आणि तिने पाकीट फोडलं.

आता कॉर्डेलचं सांगायला हवं. कॉर्डेल हा ओडेसाचा धाकटा भाऊ. जानेवारीत त्यांचे रूफस अंकल गेले. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण होतं. रुळांपलीकडे, गरीब काळ्यांच्या वस्तीत, डन्मोर स्ट्रीटवर व्हर्नेल आंटीचं घर आहे, तिथून मॅकरोनीचा मोठा ट्रे आणायचं काम कॉर्डेलकडे आलं. ट्रे ओव्हनमधून नुकताच काढलेला, बाहेर बर्फ. पोराने तो फडक्यात गुंडाळून कोटाखाली धरला. निघताना आंटीने रूफस अंकलच्या दुखण्यावरच्या उरलेल्या गोळ्यांची बाटली त्याच्या खिशात घातली. म्हणाली, हे घरात बघवत नाही रे, औषधवाल्याला परत देऊन टाक. आणि तो पळत सुटला. हात भाजत होते, तळघरात माणसं खोळंबली होती, पळेल नाही तर काय करेल? गस्तीची गाडी हळू झाली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि पाय उचलले. त्यांनी त्याला बर्फात पालथा पाडला, खिसे तपासले. दुसऱ्याच्या नावाच्या, अफूच्या जातीच्या कडक गोळ्या निघाल्या, झाला गुन्हा. अठराव्या वर्षीचं एक बारीकसं प्रकरण त्याच्या नावावर होतं, म्हणून जामीनही नाही. तेव्हापासून पोरगं काउंटीच्या तुरुंगात बसलंय.

सुटायची वाट एकच होती. अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती सांगते की वाजवी संशय असल्याशिवाय पोलिसाने माणसाला धरायचं नाही, चाचपायचं नाही. झडती बेकायदा ठरली की तिच्यात सापडलेलं पुरावा म्हणून चालत नाही, खटला तिथेच कोसळतो. त्या अर्जाची सुनावणी गुरुवारी होती. आणि ती होती लोरेटा फिंचम या न्यायाधीशांपुढे.

काउंटीत फौजदारी बघणारे पाच न्यायाधीश. कोणाकडे कुठलं प्रकरण जाईल ते चिठ्ठीने ठरतं. पाचांपैकी एक रॅडेक. त्याने आजवर पोलिसाची एकही झडती चुकीची म्हटलेली नाही आणि तो ते अभिमानाने सांगतो. बाकीचे तिघे मधले, वारा पाहून पाठ फिरवणारे. फिंचमबाई मात्र माणसाला पुरतं बोलू देतात, पोलिसाला उलट विचारतात, असं वकिलांत बोललं जाई. चिठ्ठीत त्यांचं नाव निघालं तेव्हा ओडेसाची आई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली होती. घरातला सगळा जीव त्या एका नावावर टांगलेला होता.

तर पाकिटातल्या कागदावर लिहिलं होतं, 'मिस्टर ग्रे, वय बावीस, कोटाखाली झाकलेलं भांडं घेऊन बर्फातून पळत होते.'

ओडेसाने सँडविच खाली ठेवलं. पुढे रस्ता होता, नाव बदललेलं. चर्च होतं, मयताचं जेवण होतं, खिशात मेलेल्या नातेवाइकाच्या गोळ्या होत्या. मॅकरोनीसुद्धा बदलायची तसदी घेतली नव्हती. आणि शेवटी वक्त्यांसाठी एक खुसखुशीत प्रश्न, 'कोटातून निघणाऱ्या वाफेमुळे संशय वाजवी ठरेल काय?'

ती वाफ ओडेसाने एकाच माणसाला सांगितली होती. शेजारच्या म्हातारीने खिडकीतून पाहिलं होतं की पोराला पाडल्यावर बर्फावर सांडलेल्या मॅकरोनीतून वाफ येत राहिली. हे सांगताना ओडेसाला हुंदका आवरला नव्हता. आणि सांगितलं होतं ते टेस वॉगनला, जिच्याबरोबर ती दोन वर्षं एका घरात राहत होती. यंदाचा खटला लिहायचं काम टेसकडे आहे हे तिला ठाऊक होतं. पण अशी शंका कोणाच्या मनात येते? जिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायचं, ती एका हाताने पाठ थोपटत दुसऱ्या हाताने टिपणं घेत असेल असं कोणाला वाटतं?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेस कॉफीच्या टेबलाजवळ उभी होती. ओडेसाने तिला दंडाला धरून जिन्याखाली नेलं आणि कागद तिच्या नाकासमोर धरला.

टेसचा चेहरा आधी खुलला. "कळलं ना तुला? मला वाटलंच होतं. ओडेसा, मला ते लोकांना ऐकवायचं होतं गं. खरी गोष्ट असली की वादाला धार येते."

"माझ्या भावाच्या जिवावर तुला धार आणायची होती?"

टेस म्हणाली, नावं बदललीत. म्हणाली, तुला आरोपीची बाजू मिळेल असं वाटलं होतं, नाण्याचं काय माझ्या हातात आहे का. म्हणाली, पाहुणे तर सिनसिनाटीचे निवृत्त न्यायाधीश होते, त्यांचा इथल्या खटल्याशी काय संबंध.

"होते म्हणजे?"

टेस गडबडली. सकाळी त्यांचा फोन आला होता, ताप भरलाय म्हणून. हेन्लींनी धावपळ करून इथल्याच एका न्यायाधीशांना बोलावलं होतं. नाव तिने सहज सांगून टाकलं, लोरेटा फिंचम.

टेसला काहीच माहीत नव्हतं. दोन वर्षं एका छताखाली राहून, रडणं ऐकून, वाफ लक्षात ठेवून, खटला कोणापुढे आहे हे विचारावंसं तिला वाटलं नव्हतं. सांगितल्यावर मात्र तिचं तोंड पांढरं पडलं. वकिलीच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल की समोर चालू असलेल्या खटल्याची हकीकत न्यायाधीशाने कोर्टाबाहेर ऐकायची नसते, त्यातून आरोपीच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून तर नाहीच. फिंचमबाईंनी ही गोष्ट आज ऐकली तर गुरुवारी पहिल्या वाक्यालाच त्यांना ती ओळखू येणार. मग त्या खटल्यातून बाजूला होणार, पुन्हा चिठ्ठी निघणार आणि चिठ्ठीत रॅडेक बसलेला. बाजूला नाही झाल्या तर आणखी वाईट. सरकार कसं बरोबर होतं हे सख्ख्या बहिणीने पढवलेलं डोक्यात घेऊन त्या न्याय करणार.

दोघी हेन्लींकडे धावल्या. ओडेसाला जपून बोलावं लागलं. माझा भाऊ म्हटलं असतं तर हेन्ली सरळ फिंचमबाईंच्या कानाला लागले असते, कारण नियमाने तसंच करावं लागतं, आणि नियम म्हटला की हेन्लींना भरतं येतं. म्हणून ती एवढंच म्हणाली की हे एका चालू खटल्यासारखं दिसतंय, गेल्या वर्षीचा कागद काढू या.

हेन्लींनी घड्याळाकडे बघितलं. सगळे खटले एकमेकांसारखेच असतात, म्हणाले. काल्पनिक ते काल्पनिक. सभागृह भरलंय, न्यायाधीशांची गाडी फाटकात आलीय. आणि मग चष्म्यावरून बघत त्यांनी आवाज मऊ केला.

"मिस प्रुइट, सरकारची बाजू आली म्हणून नाराज आहात, समजू शकतो. पण भावना खुंटीला टांगता आल्या नाहीत तर हा धंदा तुमचा नव्हे. जमत नसेल तर सांगा, राखीव वक्ता तयार आहे."

राखीव वक्ता म्हणजे कोणीतरी दुसरा तीच मॅकरोनी घेऊन उभा राहणार. ओडेसा म्हणाली, जमेल. दारातून बाहेर पडताना तिने हात खिशात कोंबले. भावना खुंटीला टांगा म्हणे! टांगायला खुंटी ज्याच्या घरात असते तो टांगतो. तिच्या घरात आई गुरुवारसाठी कॉर्डेलचा सदरा धुऊन ठेवून बसली होती.

सभागृहात जाईपर्यंत तिला काही सुचलं नाही. फिंचमबाई येऊन बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. समोर पाण्याचा पेला आणि रीतीप्रमाणे मोकळं टेबल. कागद नाही. ओडेसाची नजर त्या मोकळ्या टेबलावर खिळली. बाईंना गोष्ट माहीत नाही. जे काय कळणार ते माझ्या तोंडून कळणार. आणि माझ्या तोंडाला कुलूप आहे का?

"बोला, मिस प्रुइट," फिंचमबाई म्हणाल्या. प्रुइट आडनावाची माणसं काउंटीत ढिगाने होती, त्यावरून त्यांना काही सुचलं नाही.

ओडेसा उभी राहिली. आणि गेल्या दोन तासांत पोटात साठलेला सगळा संताप घेऊन तिने धडधडीत खोटं सांगायला सुरुवात केली.

"युअर ऑनर, हकीकत अशी. ऑर्चर्ड हाइट्स नावाची एक उत्तम वस्ती आहे. मोठी घरं, मोठी अंगणं. मेच्या एका संध्याकाळी घटना शिकवणारे एक प्राध्यापक, वय साठ, आपल्या बायकोने भाजलेला ॲपल पाय कोटाखाली लपवून हिरवळीवरून पळत होते."

सभागृहात खसखस पिकली. बऱ्याच माना पहिल्या रांगेत बसलेल्या हेन्लींकडे वळल्या. ते राहायचे ऑर्चर्ड हाइट्समध्येच. टेसने तोंडावर हात घेतला. रेडफर्नने आपला कागद उचलला, वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं.

ओडेसा थांबली नाही. तिने प्राध्यापकांना गस्तीची गाडी दाखवली, तिच्याकडे बघायला लावलं, मग जोरात पळवलं. पोलिसाकडून त्यांना हिरवळीवर पालथं पाडवलं. त्यांच्या खिशातून आजारी बायकोच्या गोळ्या काढल्या. आणि मग सरकारची बाजू अशी काही मांडली की हसणारे हळूहळू गप्प झाले. पोलिसाला बघून पळाला की नाही? पळाला. कोटाखाली काहीतरी दडवलं होतं की नाही? होतं. रस्त्यावरून चालायचं सोडून हिरवळ का तुडवत होता? बाहेर ऊब असताना कोट का घातला होता? बिचाऱ्या पोलिसाला क्षणात ठरवायचं असतं, त्याला घरी बायकापोरं असतात. ती प्रत्येक वाक्य शांतपणे बोलत होती. यातलं एकूण एक वाक्य कॉर्डेलच्या प्रकरणात सरकारी वकिलाने खरोखरच लिहून दिलेलं होतं, तिने फक्त माणूस आणि मोहल्ला बदलला होता. ऐकताना ते किती किळसवाणं वाटत होतं! तिला वाटलं, आता ऐका. घ्या ऐकून एकदा.

हेन्ली लालबुंद झाले होते, पण उठून बोलतील काय? उठले असते तर तो पळणारा प्राध्यापक आपणच, हे त्यांनीच कबूल केल्यासारखं झालं असतं. राहिला रेडफर्न. तो उठला, ओडेसाकडे बघितलं, घसा खाकरला. आता हा म्हणणार की हकीकत चुकीची आहे. पण पोरगं जिंकायला आलं होतं, आणि प्राध्यापकाची बाजू घेऊन जिंकायला फारशी अक्कल लागत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने आपला कागद घडी करून खिशात घातला आणि प्राध्यापकांच्या इभ्रतीवर भाषण ठोकलं. ओडेसा खाली बसली. जाकीट पाठीला चिकटलं होतं. निभावलं, तिला वाटलं. काय व्हायचं ते शिस्त समितीपुढे होऊ दे, न्यायाधीशाला खोटी हकीकत सांगितली म्हणून वकिलीची सनद अडवू देत, पण गुरुवार वाचला.

फिंचमबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. ओडेसाचं तोंडभर कौतुक केलं, इतक्या पडक्या बाजूला इतका सुंदर आधार आपण क्वचितच पाहिला असं म्हणाल्या. पण झडती बेकायदा. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? स्वतःच्या वस्तीत एक प्रतिष्ठित गृहस्थ ॲपल पाय घेऊन पळतोय, यात संशय कसला? लोक हसले, टाळ्या वाजल्या. बाईंनाही बोलायची लहर आली. मुलांना चार गोष्टी शिकवाव्यात म्हणून त्या पुढे झुकल्या.

"मात्र एक लक्षात ठेवा. संशय वाजवी की नाही हे जागेवर अवलंबून असतं. हाच ॲपल पाय घेऊन कोणी रुळांपलीकडे, समजा डन्मोर स्ट्रीटवर, अंधार पडताना पळत असेल, एखादा तरुण मुलगा, तर मी त्या पोलिसाला दोष देणार नाही. तिथे मी असते तर मीही त्याला थांबवलं असतं. कायदा म्हणजे शेवटी व्यवहारज्ञान."

पुढच्या रांगांतून माना डोलल्या. कोणीतरी ते वाक्य लिहूनही घेतलं.

बाईंनी कॉर्डेलचे कागद वाचले होते की नाही, देव जाणे. वाचले असतील तर निकाल देऊन मोकळ्या झाल्या होत्या. वाचले नसतील तर त्याहून वाईट, न वाचताच मोकळ्या झाल्या होत्या. माणसाला पुरतं बोलू देणाऱ्या, पोलिसाला उलट विचारणाऱ्या फिंचमबाई! कॉर्डेलला त्यांनी पुरतं बोलू दिलं असतं, हसून ऐकलं असतं, आणि मग पाच वर्षं आत पाठवलं असतं. आईने याच बाईंच्या नावाने पंधरवडाभर देवाचे आभार मानले होते. रॅडेक तरी तोंडावर थुंकतो. ही बाई पाठीवरून हात फिरवून तेच करणार होती, आणि हिला राखण्यासाठी आपण भर सभेत खोटं बोललो.

चिठ्ठीत रॅडेक होता. पण आणखी तिघेही होते, आणि त्यांच्यापैकी कोणी अजून निकाल दिला नव्हता. सुनावणी पुढे जाईल, कॉर्डेलला आणखी काही आठवडे आत काढावे लागतील. तिचं स्वतःचं काय होईल ते तर पहिल्या रांगेत हेन्लींच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. हे सगळं तिच्या डोक्यातून सरकन गेलं. फिंचमबाई पर्स उचलत होत्या. ओडेसा उभी राहिली.

"युअर ऑनर, मला हकीकत दुरुस्त करायची आहे."

टाळ्या विझल्या. हेन्ली म्हणाले, वेळ संपली, मिस प्रुइट. ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही.

"ऑर्चर्ड हाइट्सचा कोणी प्राध्यापक नव्हता. ते मी बनवून सांगितलं. मला दिलेल्या कागदात मुलगा बावीस वर्षांचा होता, हातात मॅकरोनी होती आणि मयताच्या जेवणाला उशीर झाला होता. आणि खरा रस्ता डन्मोर स्ट्रीटच होता. त्याचं नाव कॉर्डेल प्रुइट. तो माझा सख्खा भाऊ आहे, आणि या गुरुवारी त्याचा अर्ज तुमच्यापुढे आहे."

रेडफर्न आपल्या खिशातली घडी चाचपत राहिला. टेस मागे कुठेतरी रडत होती, तिच्याकडे बघायची ओडेसाला इच्छा झाली नाही.

फिंचमबाईंचं हसू जिरलं. त्यांनी पर्स खाली ठेवली. "तुम्ही माझ्यासमोर खोटी हकीकत सांगितलीत," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि आता खरी सांगताय. हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुम्ही हव्या होतात म्हणून खोटं बोलले," ओडेसा म्हणाली. "आता नको आहात म्हणून खरं सांगतेय."

हेन्ली उठून उभे राहिले होते, शिस्तीचं काहीतरी बोलत होते, पण त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. मघाशी आपण काय बोललो ते बाईंना आठवत होतं, हे त्यांच्या मानेवर चढत गेलेल्या लालीवरून कळत होतं.

"मला हा खटला सोडावा लागेल," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो," ओडेसा म्हणाली. "सोडाच."

मग तिने आपला कागद उचलला आणि कॉर्डेलच्या वकिलाला फोन लावायला ती मधल्या वाटेने बाहेर निघाली. दोन्ही बाजूंनी बसलेल्या नागरी हक्कवाल्यांनी पाय आवरून तिला वाट दिली, आणि तिच्या डोळ्याला डोळा मात्र एकानेही दिला नाही.